स्वच्छ गटातली बहीण

३ जून

दादा,

तुझं छापील पत्र मिळालं. ‘माननीय सहभागी’ हा मायना वाचून मी आधी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं, म्हटलं शेजारणीचं चुकून आपल्याकडे आलं की काय. मग खाली तुझी सही दिसली. सही तेवढी शाईची आहे. तेवढ्यासाठी हात झिजवलास, उपकार झाले.

वर्षभर आपण एकमेकांशी एक शब्द बोललो नाही, आणि आता तुला माझी आठवण झाली ती रक्तासाठी. डासालाही तेवढ्याचसाठी होते.

कार्यक्रम किती महत्त्वाचा आहे ते मला समजावून सांगणारा परिच्छेद फारच गोड आहे. कारखान्यात जे रसायन कापडावर नि भांड्यांवर चढवतात ते शरीरात शिरलं की वर्षानुवर्षं निघत नाही, म्हणून माणसांचं रक्त दरवर्षी तपासत राहिलं पाहिजे. हे मला छापून कळवायला हवं होतं का रे? कोटिंग विभागातली माणसं त्या रसायनाला ‘पाहुणा’ म्हणतात, ते तुझ्या आधी मला ठाऊक होतं. धाकट्यानेच येऊन सांगितलं होतं. एकदा आला की जात नाही, म्हणून पाहुणा. आई तेव्हा हसून हसून खोकायला लागली होती.

तुला आठवत नसेल तर सांगते, धाकटा म्हणजे आपला भाऊ. तुझ्याच कारखान्यात, जिथे तू डॉक्टर म्हणून पंख्याखाली बसायचास तिथे, तो कोटिंगच्या टाकीपाशी उभा असायचा. आता त्याचं एक मूत्रपिंड कामातून गेलंय, दुसरं त्याच वाटेवर आहे. हे कामामुळे झालं असं त्याचं म्हणणं, आणि ते त्याने चौकशी समितीपुढे मांडलं. मग तू उठलास. हातात ती लांब काठी, मागे पडद्यावर तुझ्या आलेखाचे ते रंगीत खांब. डावीकडे कामगारांचं रक्त, उजवीकडे ‘स्वच्छ गटा’चं, म्हणजे कारखान्यापासून दूर, टेकडीपलीकडच्या वरच्या वस्तीत राहणाऱ्या, दुसऱ्या नदीचं पाणी पिणाऱ्या आम्हा लोकांचं. दोन्ही खांब जवळजवळ सारखेच उंच. म्हणजे धाकट्याच्या अंगात जे आहे ते सगळ्यांच्याच अंगात आहे, कामाला दोष देता येत नाही. रक्तातला आकडा त्याचा चाळीस, माझा अडतीस. बहिणीइतकंच तर आहे, काय एवढं!

अध्यक्षबाईंनी विचारलं होतं, अर्जदार तुमचे कोण लागतात? तू म्हणालास, “भाऊ. पण आकड्यांना नाती नसतात.” किती दिवस घोकत होतास रे ते वाक्य?

त्याचा अर्ज फेटाळला. आजारपणाची रजा संपली की कारखाना त्याला काढून टाकायला मोकळा आणि उपचार थांबवायलाही. फेरसुनावणी सप्टेंबरात आहे. ती गेली की सगळंच गेलं.

आणि तू मला विचारतोयस, यंदा दंड कधी पुढे करणार म्हणून. नाही करणार. माझ्या रक्ताने माझ्या भावाला एकदा बुडवलंय, तेवढं पुरे.

माननीय सहभागी


१९ जून

दादा,

तुझ्या हातच्या चार ओळी मिळाल्या. ‘मालिका खंडित होऊ नये.’ टीव्हीवरच्या मालिकेबद्दल बाया बोलतात तसं.

मी गेले होते रक्त द्यायला. तुझ्यासाठी नाही, हुरळून जाऊ नकोस. धाकटा म्हणाला, “ताई, दे गं. दादा म्हणतोय म्हणजे त्यात काहीतरी असेल.” अजूनही दादा म्हणतोय म्हणजे! त्याला एवढा धडा मिळूनही तो तुझ्या नावापुढे मान डोलावतो. लहानपणी तू त्याला सायकलवर बसवून उतारावरून सोडून दिलं होतंस, ब्रेक लागत नाहीत हे माहीत असून, आणि गुडघे फुटल्यावर घरी येऊन त्याने सांगितलं होतं की मीच पडलो. तसलाच तो अजून आहे.

दवाखान्यात आता नवी नर्स आहे. तरुण, चेहऱ्यावरून कडक. मी दुकानातून तशीच उठून गेले होते, अंगात कामाचं जाकीट. तुला माहीत आहे ते, मीच शिवलेलं, जाड कापडाचं, पाणी पडलं तरी मोत्यासारखं घरंगळून जाणारं. तिने मला दारातच अडवलं. म्हणाली, जाकीट बाहेर खुंटीला लावा, पाणी न शोषणारं कापड सॅम्पलजवळ नको. मग साबणाने हात धुवायला लावले. क्रीम लावलंय का विचारलं. नव्या प्रयोगशाळेने नियम कडक केलेत म्हणे, अशा कापडावरचं रसायन उडून नळीत पडलं तर आकडा खोटा येतो. मी म्हटलं, सोफे शिवणारीच्या अंगावर दुसरं काय असणार, पण निमूट धुतले. सुई टोचताना तिने विचारलं दुखतंय का. मी म्हटलं, दिवसभर दाभण हातात असतं बाई, तुझी सुई काय दुखणार.

बूच लावलं, चिकटपट्टी लावली, आणि मग तिने टेबलाखालून ती पिशवी काढली. कारखान्यातर्फे सप्रेम आभार. दरवर्षीप्रमाणे आत फवाऱ्याचे दोन डबे. कापडावर, बुटांवर, गालिच्यावर मारा, डाग बसणार नाही, पाणी मुरणार नाही.

मी पिशवीकडे पाहिलं. मग खुंटीवरच्या जाकिटाकडे पाहिलं. तीही पाहत होती. म्हणाली, “हे तुम्ही घरात वापरता?” मी म्हटलं, मी काय, सगळी गल्ली वापरते, रक्त देणाऱ्या प्रत्येकाला मिळतात. ती एकदम पांढरी पडली आणि खाली बघून लेबल चिकटवत राहिली. “मला काही विचारू नका,” म्हणाली, “मी इथे नवीन आहे.”

डबे माझ्यासमोर टेबलावर आहेत. डोक्यात एक विचार घोळतोय. तो इतका बिनडोक आहे की तो तुझा असणार यात मला शंका नाही. नीट शिवून झाला की कळवते.

ताई


२ जुलै

दादा,

तू मूर्ख आहेस. लिहिते आहे म्हणजे शांतपणे सांगते आहे असं समज.

पहिलं वर्ष आठव. तू नवा नवा डॉक्टर, छाती फुगवून घरी आलास. म्हणालास, कामगारांचं रक्त तपासायचंय आणि त्याच्याशी ताडून पाहायला चांगलं स्वच्छ रक्त हवंय, ते आपल्या गल्लीतून घेऊ. लोक सुईला घाबरत होते. मग तू शक्कल लढवलीस, रक्त देणाऱ्याला भेट द्यायची. बाहेरून काही आणायला वरिष्ठांनी नाही म्हटलं, म्हणून तू कारखान्याचाच माल उचलून आणलास. गल्लीत कोण कौतुक झालं तुझं! लोक रांगेत उभे राहिले. छत्र्यांवर मारलं, बुटांवर मारलं, पोरांच्या दप्तरांवर मारलं, गाद्यांवर मारलं. समोरच्या शिक्षिकेने तर पडद्यांवर मारलं, देव जाणे पडद्यांवर कोण चहा सांडतो.

आणि मी? मी तर धंदाच उभा केला त्यावर. ‘डाग न पडणारे सोफे.’ पाटी तूच रंगवून आणली होतीस, अक्षर वाकडं आलं म्हणून आई तुला बोलली होती. पुढची खोली म्हणजे दुकान, खिडकी एक, तीही रस्त्याची धूळ येते म्हणून बंद. त्यात रोज फवारा. कापड ताणायचं, ठोकायचं, फवारायचं, वाळेपर्यंत तिथेच बसून दुसरं कापायचं. फवारा नाकात गेला की मी शिंकायचे आणि गिऱ्हाईक हसायचं.

तर असा तुझा स्वच्छ गट. आधी त्याला स्वच्छ म्हणून निवडलास, मग दरवर्षी त्याचं रक्त घेऊन त्याच्या हातात ते रसायन दिलंस, आणि पुढल्या वर्षी पुन्हा मोजलंस. आमचा खांब वर चढत गेला. चढणारच. आणि तू त्या खांबाच्या शेजारी आपल्या भावाला उभं करून म्हणालास, बघा, दोघं सारखेच उंच आहेत! पाच-दहा पदव्या घेतलेल्या माणसांनी एका खोलीत बसून हे केलं, आणि एकालाही पिशवीत काय आहे ते आठवलं नाही. शाळेतल्या पोराने असलं गणित केलं असतं तर बाईंनी कान पिळला असता.

आता आईकडे ये.

आई शेवटपर्यंत त्या गटातच होती. एकाच घरात आम्ही, एकच नळ, एकच चूल. तिचा आकडा तीन. माझा चढत गेला, तिचा तीनच्या आसपास रेंगाळत राहिला. जेवताना तू हसत म्हणायचास, आईचा आकडा मशिनलाच पटत नाही, चूक धरून गाळून टाकला. आणि आई काय म्हणाली होती ते तू विसरला असशील, मी नाही. “दरवर्षी मशिन बिघडतं ते माझ्याच दिवशी का रे?” सगळे हसलो. ती हसली नव्हती.

आई फवारा वापरत नव्हती, दादा. तिला वास सहन व्हायचा नाही. दुकानाकडचं दार ती कायम लावून घ्यायची. म्हणायची, डाग पडला तर धुवायचा, हात काय शोभेला आहेत? तिच्या वाट्याचे डबे ती मला देऊन टाकायची. चूक मशिनची नव्हती. त्या गटात खरंच स्वच्छ असलेलं एकच माणूस होतं, आणि तू नेमकं तेवढंच गाळलंस.

मला तुझ्याकडून माफी नको, तिचं मी काय करू? समितीला लिही. आईचा आकडा परत आत घे आणि फवारा वापरणाऱ्यांना गटातून काढ. खांब पडतो की नाही बघ. धाकट्याचे चाळीस मग आईच्या तिनाशेजारी उभे राहू देत.

ताई


१८ जुलै

दादा,

तुझं उत्तर टाइप केलेलं आहे. बहिणीला.

‘एकाच व्यक्तीच्या निरीक्षणावरून निष्कर्ष काढणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरणार नाही.’ ‘सदर नमुने त्रुटीयुक्त आढळल्याने त्या त्या वेळी नष्ट करण्यात आले आहेत.’ सदर नमुना! तुला नऊ महिने पोटात वागवलं त्या सदर नमुन्याने. तिच्या नळ्या फेकून दिल्यास, बाकी सगळ्या गल्लीचं रक्त गोठवून ठेवलंस. आता पुन्हा तपासायला काही उरलंच नाही, म्हणजे माझ्या तोंडी सांगण्याला काडीची किंमत नाही. छान.

आणि शेवटी हाताने लिहिलेली ती ओळ. मी तुला मूर्ख म्हटलं याचं तुला वाईट वाटलं. इतक्या वर्षांच्या तुझ्या कामाचा तो अपमान आहे. अरे वा. धाकट्याच्या पायांवर आता इतकी सूज असते की तो माझ्या दुकानात येऊन चपला काढतो तेव्हा पट्ट्यांचे वळ उमटलेले दिसतात, आणि तुला वाईट वाटलंय एका शब्दाचं.

त्याला मी आईच्या आकड्याचं सांगितलं. त्याने चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाला, दादाच्या लक्षात आलं नसेल, ताई, कामाचा व्याप किती असतो त्याच्यामागे. मी त्याच्या हातातला कप काढून घेतला, कारण मला तो फेकून मारावासा वाटत होता, त्याला.

वहिनीचा फोन आला होता. तुमचं इथलं जुनं घर भाड्याने द्यायचंय, त्याआधी सोफ्याला नवं कापड घालून दे म्हणाली. तिच्याशी माझं भांडण नाही. पाठव म्हटलं.

ताई


४ ऑगस्ट

मूर्ख म्हटलं ते मागे घेते.

तुमचा सोफा परवा आला. हमालांनी दुकानात ठेवला आणि मला पहिल्यांदा हसूच आलं. दिवाणखान्यातली ती लाज मी किती वर्षं पाहत आले! हाताच्या टेकूवर आईने सांडलेल्या चहाचा तो मोठा डाग, त्याच्याशेजारी शाईचा, बसायच्या जागी तेलकट काळपट. मी तुमच्याकडे आले की टोमणा मारायचे, डॉक्टरसाहेब, जगाला डब्यांची खैरात करता, एक फवारा स्वतःच्या सोफ्यावर मारा की. वहिनी तुझ्याकडे बघायची. तू म्हणायचास, आळस गं, राहून जातं.

उसवण्याआधी कापड धुळीचं किती आहे ते बघावं म्हणून मी त्यावर पाणी शिंपडलं. पाणी आत मुरलं. लगेच. मी पाठीवर टाकलं, मुरलं. उशा उलट्या करून आतल्या बाजूला, शिवणीत, जिथे ऊनवारा लागत नाही तिथे टाकलं, तिथेही मुरलं. या कापडावर आयुष्यात एकदाही फवारा पडलेला नाही, दादा. ज्याच्या घरी खोक्यांनी डबे यायचे, त्याच्या घरच्या कापडावर एक थेंब नाही.

मग मी खाली बसले, आणि एकेक गोष्ट आपोआप पुढे येत गेली. माझ्या घरी आलास की तू कधी सोफ्यावर बसला नाहीस. पाठ दुखते म्हणायचास आणि कोपऱ्यातलं लाकडी स्टूल ओढून घ्यायचास. पोरांनी त्या स्टुलाला ‘दादांचं आसन’ नाव ठेवलं होतं. कारखान्यातही तू घरून पाण्याची बाटली न्यायचास, शिपाई त्यावरून तुला हसायचा, धाकट्याने सांगितलं होतं. तो म्हणायचा, दादाला तिथल्या पाण्याची चव आवडत नाही. आम्ही त्यावरही हसलो होतो. आम्ही सगळे किती हसायचो रे तुझ्या खोडींवर.

तुला माहीत होतं.

कदाचित पहिल्या दिवशी नसेल, पण आमचा आकडा चढायला लागला आणि आईचा चढला नाही, तेव्हा तुला नक्की कळलं. तुला कळलं म्हणूनच आई गाळली गेली. मशिन कधी बिघडलंच नव्हतं. तू आपल्या बायकोला वाचवलंस, स्वतःला वाचवलंस, आणि दरवर्षी हसतमुखाने माझ्या दारात येऊन दोन डबे ठेवून स्टुलावर बसलास. माझ्या समोर. मी फवारत असताना.

मला आता तुझ्याबद्दल राग नाही. राग माणसावर येतो. पायाला काही चिकटलं तर आपण रागावत नाही, तोंड वाकडं करून पाय घासतो.

पण तुझा एक उपयोग उरलाय. आईचं रक्त तू नष्ट केलंस, तुझं अंगात शिल्लक आहे. तू याच वस्तीत वाढलास, हेच पाणी प्यायलास, आणि फवाऱ्यापासून लांब राहिलास. तुझा आकडा आईसारखाच खाली असणार. तुझ्या कार्यक्रमात इतक्या वर्षांत सगळ्यांनी रक्त दिलं, तू एकट्याने दिलं नाहीस, ते का हेही आता कळलं. तेव्हा ये. समितीने नेमलेल्या प्रयोगशाळेसाठी रक्त दे आणि सुनावणीत तुझ्या त्या लांब काठीने स्वतःचा खांब दाखव.

दंड पुढे करणं म्हणजे सगळं कबूल करणं, हे मला कळतंय. म्हणून तर मागते आहे.


२२ ऑगस्ट

दादा,

तुझा निरोप वहिनीकडून कळला. राजधानीत तुझा कोणी मोठा स्नेही आहे, धाकट्यावर तो उपचार करील, सगळं गुपचूप, फक्त त्याने फेरसुनावणीचा अर्ज मागे घ्यावा. धाकट्याला तू हे थेट कळवलंस तेही समजलं. तो इथे आला होता, चेहरा उजळून. “बघ ताई, दादाने सोय केली.” अर्ज मागे घ्यायला निघालाच होता. मी त्याला अडवलं. त्याचे सोबती, टाकीपाशी त्याच्या बाजूला उभे राहिलेले, त्यातल्या कितीजणांना तुझा स्नेही तपासणार? तो म्हणाला, तेही आहेच. मग बसून राहिला.

त्याला मी सोफ्याचं सांगितलेलं नाही. तुझी अब्रू राखायला नव्हे. हे ऐकल्यावर त्याचं जे होईल ते मला बघवणार नाही, म्हणून.

माझ्याबद्दल तू वहिनीला विचारलंस म्हणे, ताईची तब्येत कशी आहे. ठणठणीत आहे. दुकानाची खिडकी उघडी असते आता. बाकी तुला सांगण्यासारखं काही नाही, आणि असलं तरी तुला सांगणार नाही.

नर्स मंगळवारी आणि शुक्रवारी असते.


१६ सप्टेंबर

दादा,

गेल्या आठवड्यात सुनावणीत तू बोलणं संपवून मागच्या दाराने निघून गेलास, त्यामुळे पुढचं तुला माहीत नाही. ते कळवणं माझं काम आहे असं नाही, पण वहिनी म्हणाली तू जेवत नाहीस, आणि जेवणाबाबत तू लहानपणापासून नाटकी आहेस, तेव्हा लिहून टाकते.

आधी नर्सचं. तू एका शुक्रवारी येऊन रक्त देऊन गेलास हे तिने मला सुनावणीच्या आधीच सांगितलं होतं. म्हणाली, त्यांना काही सांगावंच लागलं नाही, साधा सुती शर्ट, हात धुतलेले, घड्याळाचा पट्टासुद्धा आधीच काढून खिशात ठेवला होता. मी म्हटलं, तो असल्या बाबतीत फार काळजी घेतो. तिला वाटलं मी कौतुक करते आहे.

सुनावणीला तू काठी आणली नव्हतीस. अध्यक्षबाईंनी तुझा आकडा वाचला, चार. प्रयोगशाळेच्या माणसाने दोनदा तपासलाय म्हणून सांगितलं. मग त्यांनी तुला विचारलं की स्वच्छ गटात सगळ्यांचे तिशीच्या वर आहेत, तुमचा असा कसा. खोटं बोलायला तिथे पुष्कळ जागा होती. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते, तू ती जागा शोधतोयस असं मला वाटलं. पण तू म्हणालास, “मी तो फवारा घरात कधी येऊ दिला नाही. मला पहिल्या दोन वर्षांतच शंका आली होती. आईचा आकडा चूक नव्हता, मी तो गाळला.”

तू असं सरळ बोलशील असं मला वाटलं नव्हतं. त्याबद्दल तुझी पाठ थोपटावी अशी अपेक्षा असेल तर सोड. चोराने चावी परत केली म्हणून कोणी त्याला जेवायला बोलावत नाही.

निकाल लागला. स्वच्छ गट पूर्ण रद्द, नवा गट दुसऱ्या गावातून घ्यायचा. तोवर धाकट्याला आणि कोटिंगच्या सगळ्यांना रजा नि उपचार चालू राहतील, कोणालाही काढता येणार नाही. आमच्या गल्लीचीही वेगळी तपासणी होणार आहे. शिक्षिकाबाईंनी त्याच दिवशी पडदे उतरवले. आणि हो, आकड्यांना नाती नसतात म्हणत होतास ना. आईचे तीन, तुझे चार. अख्ख्या कारखान्यात नि अख्ख्या वस्तीत तुम्ही दोघंच शेजारी बसलात. एक वासाला कंटाळून आणि एक आतून जाणून.

आता धाकट्याचं. तू बोलत होतास तेव्हा तो तिसऱ्या रांगेत, माझ्या बाजूला होता. लोक उठले, त्याचे सोबती त्याच्या खांद्यावर हात टाकून रडत होते, हसत होते. तो सगळ्यांना हो हो म्हणत राहिला. माझ्या दारापाशी आल्यावर म्हणाला, “ताई, त्याने मला फक्त एवढंच सांगायचं ना, की बाटली घरून आणत जा.”

मला वाटत होतं तो चिडेल, तुला शिव्या घालील, मी म्हणेन सांगितलं होतं ना तुला. तसं काहीच झालं नाही. तो आत आला, चपला काढल्या, आणि नेहमी बसतो त्या सोफ्यावर न बसता कोपऱ्यात गेला. तुझं ते लाकडी स्टूल ओढलं आणि त्यावर बसला. हात मांडीवर ठेवून, अगदी तुझ्यासारखा. मी आत जाऊन चहाचं पातेलं उगाच घासत राहिले.

त्या दिवसापासून तो रोज येतो आणि तिथेच बसतो. तुझं नाव काढत नाही. तुझा उपचारवाला स्नेही नको म्हणून त्याने वहिनीला कळवलंय, तेवढंच.

माझ्या तुझ्याबद्दलच्या मतात फरक पडलेला नाही. तू हलका माणूस आहेस, आणि एकदा खरं बोलल्याने वजन वाढत नाही. पण आई असती तर तिने तुला ताटावरून उठू दिलं नसतं, जेव आधी मग बघू म्हणाली असती, आणि ते काम आता माझ्यावर येऊन पडलंय, हे माझं नशीब. तेव्हा जेव.

काल मी माझा सोफा उसवला. कापड, फोम, पट्ट्या, सगळं काढून तपासणीवाल्यांच्या हवाली केलं. खिळे उपटताना बोटं सोलली. आता नुसता लाकडाचा सांगाडा उरलाय, तोही पुसून घेतलाय. नवं कापड घालायला वेळ लागेल, हातात पूर्वीसारखा जोर राहिलेला नाही.

यायचं असेल तर ये. आता तुला त्यावर बसायला हरकत नसावी. स्टूल मिळणार नाही, तिथे धाकटा बसतो.

ताई